एरिया नको, गल्ली दाखवा : नाशिकमध्ये 40 लाखांच्या आत घर शोधताना

नाशिकमध्ये घर बघतोय असं चारचौघांत बोललं की त्यातला एक जण एजंट निघतो आणि दुसऱ्याचा मेहुणा बिल्डर. त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या एका ऑफिसचा नाही. घर शोधताना ज्यांची ज्यांची मदत घेतली, पैसे देऊन किंवा फुकट, त्या सगळ्यांचा मिळून आहे. एजंट, मोबाईलवरची ॲप, सरकारी वेबसाइट, बँकेचे वकील. आणि एरियांचाही, कारण आमच्यासारखे लोक फ्लॅटच्या नावाखाली शेवटी एरियाच विकत घेतात.

आधी आमचं गणित सांगते, म्हणजे पुढचं मत कुठून आलं ते कळेल. मी स्टाफ नर्स आहे, मुंबई नाक्याकडच्या एका हॉस्पिटलात. नवरा अंबड एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन चालवतो. राहायला सिडकोत, पवननगरला, भाड्याने. मुलगी दुसरीत, सासूबाई सोबत. बजेट 40 लाख आणि त्यात सगळं आलं : स्टॅम्प, नोंदणी, एजंटचं, रंग, ग्रिल. माझी सेकंड शिफ्ट रात्री साडेनऊला सुटते, हँडओव्हर लांबलं की दहा. म्हणून 'सेफ एरिया' म्हणजे काय हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. मेन रोड सोडल्यापासून बिल्डिंगच्या गेटपर्यंतचा जो तुकडा असतो, तो रात्री दहाला स्कूटीवर एकटीने पार करता येतो का, एवढंच मला बघायचं होतं. बाकी गार्डन, क्लब हाऊस, 'प्रीमियम नेबरहूड' वगैरे बिल्डरने स्वतःकडे ठेवावं.

ॲपपासून सुरुवात केली, सगळे करतात तशी. पाचपैकी दोन. भाव काय चाललाय त्याचा अंदाज येतो, तेवढ्यापुरती बरी. पण तिथे एरियांना रबर लावलेलं असतं. 'गंगापूर रोड' म्हणून टाकलेला फ्लॅट आनंदवल्ली मागे टाकून गंगापूर गावाकडे निघतो. 'पाथर्डी फाटा टच' म्हणजे फाट्यावरून आत, अजून आत, मग द्राक्षबाग लागते, तिच्या पलीकडे. एकच फ्लॅट चार एजंटांनी चार भावांनी टाकलेला, फोटो तेच, सोफ्यावरची उशीसुद्धा तीच. आणि क्षेत्रफळ कधी कार्पेट (भिंतींच्या आतलं), कधी बिल्टअप (भिंती धरून), कधी नुसतंच 'एरिया'. 950 म्हणून बघायला गेलेलो फ्लॅट टेपने मोजला तर कार्पेट 640 भरला. टेप आमच्या ह्यांच्या खिशात कायम असतो, मशीनवाल्यांची सवय.

एजंटकडे जास्त अपेक्षेने गेलो. ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, गाडीतून फिरवायचा, मुलीला फ्रूटी घेऊन द्यायचा. अडचण एवढीच की त्याच्या लेखी नाशिकमधला प्रत्येक एरिया सेफ होता.

"ताई, डोळे झाकून घ्या. सगळी सर्व्हिसवाली फॅमिली आहे."

"भाऊ, रात्री दहाला दाखवाल का?"

"रात्री? रात्री काय दिसणार ताई?"

"तेच बघायचंय."

हसला. रात्री एकदाही आला नाही.

दुसरी तक्रार म्हणजे तो घर विकत नव्हता, भविष्य विकत होता. प्रत्येक साइटवर आधी मेट्रो निओ (टायरवर धावणारी, नुसतीच जाहीर झालेली मेट्रो), मग रिंग रोड, मग कुंभ. मेट्रो निओचं सांगायचं तर 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी 2,092 कोटींची घोषणा झाली, पेढे वाटून झाले, आणि मी ज्या रस्त्याने रोज जाते तिथे अजून एक खांब उभा राहिलेला नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते होतील, चांगलंच आहे. पण 'कुंभ झाला की रेट डबल' या वाक्यावर 20 वर्षांचं कर्ज काढायचं नसतं. शिवाय मला रेट डबल करून काय करायचंय? मला राहायचंय.

एजंटचं एक काम मात्र खरं : कोण घाईत विकतोय ते त्याला माहीत असतं. आम्ही घेतलेला फ्लॅट त्यानेच दाखवला, हे कबूल. मालक मुलाकडे पुण्याला कायमचे चालले होते, 38 म्हणत होते, 36 वर तुटलं. त्यासाठी त्याला पाचपैकी तीन देते. नवीन प्रोजेक्ट दाखवणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची नोंदणी लागते, तो नंबर विचारला की चेहऱ्यावरून बरंच कळतं. जुन्या फ्लॅटच्या व्यवहाराला ते बंधन नाही, तिथे तुमची तुम्हीच राखण करायची.

आता एरिया. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडची पुढची बाजू आमच्या बजेटच्या बाहेर, तिकडे आइस्क्रीम खायला जातो. सिडको आमची सवयीची. रात्री बारालाही ओट्यावर माणसं असतात, एक हाक मारली तर चार दारं उघडतात, आणि माझ्या व्याख्येने ते अत्यंत सेफ. त्याच सिडकोतून रस्त्यावर लावलेल्या गाड्या फोडल्याच्या, जाळल्याच्या बातम्याही येतात. दोन्ही खरं आहे. गल्लीगल्लीत फरक पडतो. घर घ्यायचं म्हटलं तर मूळ सिडकोचं घर बऱ्याचदा लीजच्या जागेवर, अशा घराच्या ट्रान्सफरला सिडको महामंडळाची परवानगी, आणि वर चढवलेले दोन मजले बहुतेक ठिकाणी मंजुरीशिवाय. मालक तीन मजल्यांचे पैसे मागतो, बँक मंजूर नकाशातल्यालाच किंमत देते. मधला फरक रोखीत आणायचा कुठून?

पाथर्डी फाट्याच्या पुढे नवीन टॉवर झालेत, लिफ्ट, पार्किंग, सगळं झकपक. पण महापालिकेचा खत प्रकल्प त्याच बाजूला आहे आणि वारा फिरला की नाकाला कळतं. सकाळी अकराला दाखवतात ते उगाच नाही, संध्याकाळी जा. आणि वॉचमनला 'पाणी कसं आहे' असं विचारू नका, 'भरपूर आहे' असंच उत्तर येतं. 'टँकर कोणत्या महिन्यापासून लागतो' असं विचारा. तो मार्च की एप्रिल याचा विचार करायला लागला की समजून जायचं.

चांदशीकडे भाव बरे वाटले, पण ती महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणून सोडली. जेल रोड, दसककडे सासूबाईंची बहीण राहते. शेअर रिक्षा, भाजी, दवाखाना सगळं हाताशी, भावही जमणारे. तिकडे उसाच्या बाजूने बिबट्या येतो म्हणून एजंटने आम्हाला घाबरवलं, कारण तिथला फ्लॅट त्याच्याकडे नव्हता. नोव्हेंबर 2023 मध्ये सिडको आणि गोविंदनगरच्या भर वस्तीत बिबटे शिरले होते, हे तो विसरला. नाशिकमध्ये बिबट्या पिनकोड बघून येत नाही. जेल रोड आम्ही सोडलं ते बिबट्यामुळे नाही, अंबडचं रोजचं अंतर झेपेना म्हणून.

म्हसरूळ मनात फार होतं. आरोग्य विद्यापीठाच्या अलीकडचा दिंडोरी रोडचा पट्टा, मेरी या सरकारी संशोधन संस्थेच्या मागच्या कॉलन्या, समोर चामर लेणीचा डोंगर. आमच्या पैशांत तिथे लिफ्टवाला नवा टू बीएचके मिळत होता, अगदी छोटं रो हाऊससुद्धा. रात्री जाऊन आलो तर साडेनऊनंतरही कॉलनीत बायका शतपावलीला दिसल्या, माझ्या दृष्टीने ते प्रमाणपत्रच. ज्यांचं काम पंचवटी, आडगाव बाजूला आहे त्यांनी दुसरीकडे बघूच नये. आमच्या ह्यांना मात्र रोज शहर आडवं कापून अंबडला जायचं, त्यात फर्स्ट शिफ्ट सकाळी सातची. नाद सोडला. अजून वाईट वाटतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण असे कुठल्याच ॲपवर दिसत नाहीत. नासर्डीच्या, म्हणजे आता नंदिनी म्हणतात त्या नदीच्या जवळ एक फ्लॅट बघितला. दुसरा मजला, हवेशीर, भाव आमच्या बजेटच्याही खाली. वर सगळं छान. खाली पार्किंगमध्ये उतरलो तर खांबांना कमरेइतका नवा कोरा रंग आणि त्याच्या वर जुना, मळका. एजंट म्हणाला, बाईक घासतात ना ताई, म्हणून. असेल. पण लाइटच्या मीटरची पेटी बघितली तर तीही माझ्या डोक्याच्या वर. मीटर वाचायला माणूस स्टूल आणत असेल का? भिंतीवर खाली जुन्या पेटीच्या खिळ्यांची चार भोकं तशीच होती. समोरच्या किराणावाल्या दादांकडे पार्लेजी घेताना सहज विचारलं, पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्यांनी काही न बोलता फ्रीजच्या खाली रचलेले विटांचे थर दाखवले.

गोदावरीचा पूर नाशिककर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं त्यावरून मोजतात. 2008, 2016, 2019, ही सालं सराफ बाजारात कुणालाही विचारा. पण गोदावरी फुगली की तिला मिळणाऱ्या नासर्डी, वाघाडीसारख्या नद्या-नाल्यांचं पाणीही तुंबतं, आणि ते मारुतीपासून लांब राहणाऱ्यांच्या पार्किंगमध्ये शिरतं. यासाठी निळी आणि लाल पूररेषा असतात. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. नदी किंवा नाला चालत जाण्याइतका जवळ असेल तर महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागाला गट नंबर सांगून विचारायला लाज वाटू देऊ नका. पुराची भीती दुसऱ्या मजल्यावर नसते हे मान्य, पण माझी स्कूटी दुसऱ्या मजल्यावर लावत नाहीत.

सरकारी वेबसाइटना चांगले मार्क. महारेराला साडेचार. नाशिकच्या जुन्या नोंदणीच्या प्रोजेक्टचा नंबर पी516 ने सुरू होतो. जाहिरातीवर आता क्यूआर कोडही असतो, तो उभ्या उभ्या स्कॅन करायचा. त्यात मला सर्वांत उपयोगी वाटलं ते पझेशनच्या तारखांचं पान : मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख शेजारी शेजारी. सेल्सवाली मुलगी 'दिवाळीत पझेशन' म्हणत असताना हातातल्या मोबाईलवर मुदतवाढ दिसते, तेव्हा बोलणं जरा जमिनीवर येतं. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही तिथे गेल्यावर ठामपणे सांगता येतं. मात्र प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि नाशिकमध्ये कॉलनीतल्या प्लॉटवर उभी राहणारी छोटी बिल्डिंग नेमकी अशीच असते.

पोलिसांच्या सिटिझन पोर्टलबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. तिथे प्रकाशित एफआयआर बघता येतात. नाशिक शहर निवडायचं, मग पोलीस ठाणं, मग तारखा. इंदिरानगर, अंबड, म्हसरूळ, उपनगर अशी ठाणी एकेक करून रात्री मुलगी झोपल्यावर वाचली. आकडे मोजत बसू नका, एकेका ठाण्याची हद्द मोठी असते. प्रकार आणि जागा वाचा : दुचाकी पार्किंगमधून गेली की रस्त्यावरून, सोनसाखळी कोणत्या रस्त्यावर ओढली, किती वाजता. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे टाकत नाहीत, हे लक्षात असू द्या. बाईमाणसाला जे आधी कळायला हवं तेच नेमकं त्या यादीत नसतं. म्हणून चार, साडेचार नाही.

उरलेलं गल्लीत जाऊन विचारावं लागतं आणि तिथे दूधवाल्याला तोड नाही. पहाटे साडेपाचला तो प्रत्येक जिन्यात चढलेला असतो. कुठल्या बिल्डिंगमध्ये जिन्याचा दिवा महिनोन्महिने बंद आहे, कोणत्या मोकळ्या प्लॉटवर बाटल्या पडतात, कोणत्या मजल्यावर भांडणं आहेत, सगळं ठाऊक. आम्ही घेतला त्या गल्लीच्या दूधवाल्याने सांगितलं, "ताई, इथे एकच त्रास. टँकर नाही, टवाळ पोरं नाहीत, पण पार्किंगवरून रोज कटकट." महिनाभरात शब्द न् शब्द खरा ठरला. त्याच गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे, रात्री अकरापर्यंत उघडं, काउंटरवर बाई. तिला विचारलं, एकट्या असता का? म्हणाली, "मुलगा येतो अकराला शटर ओढायला, तोवर मीच." फ्लॅटवर आमचं शिक्कामोर्तब तिथेच झालं, किचनचा ओटा नंतर बघितला.

बँकेचे वकील आणि व्हॅल्यूएशनला येणारे इंजिनिअर, दोघांनाही साडेचार. फी आपल्याच खिशातून जाते, पण त्यांना फ्लॅट विकून काही मिळत नसतं, म्हणून खरं बोलतात. इंदिरानगरात आम्हाला आधी आवडलेला एक फ्लॅट त्यांनी उडवला, कारण बिल्डिंगला पूर्णत्वाचा दाखला नव्हता. नाशिकचं जुनं कपाट-प्रकरण. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली, एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेत) न धरलेली जागा खोलीत मिसळून टाकली, बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त भरलं आणि महापालिकेने दाखले अडवले. शहरात अशा ढीगभर बिल्डिंगा अडकल्या होत्या. मालक म्हणाले, पंधरा वर्षं राहतोय, काही होत नाही. राहायला काही होत नाही हो, विकायला होतं.

पैशांचं एवढंच सांगते. बँकेने आम्हाला किमतीच्या 80 टक्के कर्ज दिलं, म्हणजे 36 लाखांवर 28 लाख 80 हजार. उरलेले 7 लाख 20 हजार आणि वर स्टॅम्प, नोंदणी आपल्या खिशातून. नोंदणी फी 30 हजारांच्या वर जात नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, आमचे 36 हजार वाचले. नवऱ्याचं नाव जोडलं की ती सूट गेली. कर्जात तो सहकर्जदार आहेच. घरात यावर चर्चा होईल असं वाटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हप्ता तिच्या पगारातून जातोय ना, मग नावही तिचंच लागू दे," आणि भाजी निवडायला लागल्या.

एजंटने शेवटी एक शहाणपण शिकवलंच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नव्या टप्प्यात व्याजाची सबसिडी 35 लाखांपर्यंतच्या घराला आहे, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. तर म्हणाला, लाखभर रोख द्या, कागदावर 35 दाखवू. आम्ही नाही म्हटलं. खोट्या खरेदीखतावर सही करायची आणि मग 20 वर्षं सेफ झोप लागेल म्हणायचं, हे काही जुळत नाही.

तर आम्ही आता चेतनानगरला आहोत. जुनी बिल्डिंग, पार्किंग प्लस तीन, आम्ही तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. लिफ्ट नाही म्हणूनच 36 ला मिळाला, एरवी या पट्ट्यात हा भाव नाही. कार्पेट 625, टेपने मोजलेलं. पूर्णत्वाचा दाखला आहे, मालकीचं डीड नोंदवलेलं आहे. पाणी नळाचं येतं. ह्यांना राणेनगरच्या हायवेखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की अंबड. मला इंदिरानगरच्या बोगद्याशी संध्याकाळची गर्दी लागते, पण रात्री दहाला तो मोकळा असतो. गल्लीत दिवे सगळे चालू, फक्त वळणावरचा एक लुकलुकतो. सासूबाईंचे गुडघे तीन मजल्यांना नाखूश आहेत, दिवसातून एकदाच उतरतात, पण उतरल्या की खालच्या बाकावर दोन तास. पार्किंगची कटकट आहेच. वरचा मजला असल्यामुळे पहिल्याच पावसात मुलीच्या खोलीत छताला ओल आली. असोसिएशन म्हणतं वॉटरप्रूफिंगची वर्गणी सगळ्यांनी द्यावी, तळमजल्यावर दुकान असलेले काका म्हणतात माझ्या डोक्यावर कुठे गळतंय. मीटिंग रविवारी आहे, माझी ड्युटी बदलून घेतलीय.